सिद्ध उपाय दाराशी हवा, असिद्ध उपाय बाजारात नको

पेनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला, जैनद, भीमपूर या मंडलांत, जी मराठी कुटुंबे निजामाच्या अंमलापासून कापूस आणि ज्वारीच्या पिकावर आपला संसार चालवीत आली आहेत, त्यांच्यातील एखाद्या सुनेला दिवस गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा तेच झाले, तर तिच्या वाट्याला औषधोपचार येण्यापूर्वी आरोप येतो. तिने पपई खाल्ली असेल, पाण्याचा भरला हंडा उचलला असेल, कापूस वेचायला जाताना वाटेत कुणाचा उतारा ओलांडला असेल, तिच्या अंगात उष्णता असेल, तिचा पायगुणच तसा असेल, अशा एकाहून एक निराधार तर्कांनी घरातील वडीलधारी माणसे त्या दुःखाचा उलगडा करू पाहतात. आणि ज्या नवऱ्याच्या वंशद्रव्यातही त्या दुःखाचे कारण दडलेले असू शकते, त्याला मात्र कोणी एक शब्द विचारीत नाही.

तर्क थकले म्हणजे प्रवास सुरू होतो. एका दिशेस सेवाग्राम आणि नागपूर, दुसऱ्या दिशेस तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद, आणि ज्यांचे नातेवाईक मुंबईस आहेत त्यांच्यासाठी नंदिग्राम एक्स्प्रेस. कोणी दागिना गहाण ठेवतो, कोणी बैलजोडी विकतो. या प्रवासाच्या शेवटी अलीकडे एक नवेच निदान कानी पडू लागले आहे: तुमची प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजून मारते, तेव्हा ती दाबली पाहिजे. या निदानात सत्याचा एक अंश आहे आणि तो फार मोलाचा आहे. परंतु त्या अंशाभोवती महागड्या तपासण्यांचा आणि इंजेक्शनांचा जो व्यापार मोठ्या शहरांतून उभा राहिला आहे, त्यातील बहुतेक गोष्टींना पुराव्याचे पाठबळ नाही. माझे म्हणणे असे की, जे सिद्ध आहे ते सरकारने आदिलाबादच्या स्त्रीला तिच्या जिल्ह्यात, तिच्या भाषेत आणि विनामूल्य द्यावे, आणि जे असिद्ध आहे ते तिला विकण्यास कायद्याने आळा घालावा.

यासाठी मूळ प्रश्न समजून घेतला पाहिजे. गर्भ हा निम्म्याने पित्याच्या वंशद्रव्याचा वारस असतो, म्हणजे मातेच्या देहाच्या दृष्टीने निम्म्याने परका असतो. आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड जो देह काही दिवसांत नाकारतो, तोच देह हा परका जीव नऊ महिने कसा सांभाळतो, हा प्रश्न पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला. तेव्हा सहजच असे वाटले की, मातेची प्रतिकारव्यवस्था या काळात निद्रिस्त होत असावी किंवा गर्भ तिच्यापासून दडून राहत असावा. परंतु पुढील अर्धशतकाच्या संशोधनाने निराळेच चित्र पुढे आणले. गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी जमतात, त्यांतील सुमारे सत्तर टक्के पेशी ज्यांना नैसर्गिक मारक पेशी असे भयंकर नाव पडले आहे त्या जातीच्या असतात, आणि तरीही त्यांचे तेथील काम मारण्याचे नसून बांधणीचे असते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांत शिरून, शेतकरी पाटाचे तोंड मोकळे करून पाणी संथ आणि भरपूर वाहील असे करतो त्याप्रमाणे, त्या रोहिण्या रुंद करतात, आणि या कामी मातेच्या त्या पेशी त्यांना साहाय्य करतात. दुसऱ्या काही पेशी नियामक म्हणून अतिरेकी दाहास आवर घालतात. तात्पर्य, प्रतिकारव्यवस्था ही गर्भाची स्वाभाविक वैरीण नाही, ती वारेची सहकारी आहे. आणि म्हणूनच ती सरसकट दाबून टाकण्याची कल्पना मुळातच संशयास्पद ठरते.

तथापि या व्यवस्थेत एक नेमका बिघाड होतो, जो सापडतो, मोजता येतो आणि ज्यावर इलाज आहे. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये ज्याचे वर्णन केले, त्या अँटिफॉस्फोलिपिड विकारात स्त्रीच्या रक्तात स्वतःच्याच पेशींच्या आवरणाशी निगडित प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वारेच्या पेशींना चिकटतात, त्यांची वाढ खुंटवतात, तेथे दाह निर्माण करतात आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवितात. परिणामी गर्भ निर्दोष असूनही त्याचे पोषण तुटते. दहा आठवड्यांपूर्वी लागोपाठ तीन वेळा गर्भ पडणे, दहा आठवड्यांनंतर रचनेने निर्दोष असलेला गर्भ एकदाही दगावणे, किंवा रक्तदाब भयंकर वाढून चौतिसाव्या आठवड्यापूर्वी बाळंतपण करावे लागणे, यांपैकी काही घडले असेल तर या विकाराचा शोध घ्यावा असे २००६ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांत हा विकार बहुसंख्यांना असतो असे नाही. पण जिला असतो, तिच्यासाठी त्याचे निदान म्हणजे दैवाच्या हवाली केलेल्या गोष्टीवर प्रथमच मनुष्याचा अधिकार चालणे होय.

निदानाचे नियम कडक आहेत आणि त्या कडकपणाला कारण आहे. रक्तातील तीन प्रकारच्या प्रतिपिंडांची परीक्षा करावयाची, आणि ती सदोष आली तरी निदान पक्के न समजता किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावयाची. कारण मलेरिया, डेंग्यू, क्षय अशा रोगांच्या संसर्गानेही ही प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात आणि मग मावळतात. ज्या जिल्ह्यात पावसाळा सरला की तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरतात, तेथे एकाच चाचणीवर विसंबून एखाद्या स्त्रीला नऊ महिने औषध टोचणे हे अज्ञानाचे काम होईल.

चाचणीतही एक नाजूक जागा आहे, जी सामान्य वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. त्या तीन प्रकारांपैकी लुपस अँटिकोॲग्युलंट या प्रतिपिंडाच्या शोधासाठी रक्त निळ्या बुचाच्या, सायट्रेट घातलेल्या नळीत ठरलेल्या रेघेपर्यंतच घ्यावे लागते. मग ते यंत्रात वेगाने फिरवून वरचा पिवळसर द्रव अलगद काढून घ्यावा लागतो आणि तो द्रव पुन्हा एकदा फिरवावा लागतो, जेणेकरून त्यात रक्तबिंबिका उरू नयेत. आणि चाचणी त्याच दिवशी होणार नसेल तर तो तत्काळ गोठवून ठेवावा लागतो. ही दुसरी फेरी टाळली, किंवा नमुना साध्या पिशवीतून दुपारच्या बसने दूरच्या प्रयोगशाळेत धाडला, तर रक्तबिंबिकांच्या आवरणाला ती प्रतिपिंडे चिकटून बसतात आणि दोष असूनही अहवाल निर्दोष येतो. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या हेपॅरिन या औषधाचे इंजेक्शन चालू असताना घेतलेले रक्तही फसवे असते. म्हणजे ज्या कागदावर एका संसाराचे भवितव्य लिहिले जाणार, त्याची खातरजमा प्रयोगशाळेच्या दारातच व्हावयास हवी. २००८ मध्ये सुरू झालेले आदिलाबादचे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान, ज्याला आपण सारे रिम्स म्हणतो, हे या कामासाठी योग्य स्थान आहे. नमुना तेथे घेतला, तेथेच फिरवला आणि तेथेच गोठवला, तर तपासणी पुढे कोठेही झाली तरी बिघडत नाही.

आणि निदान पक्के झाल्यावर उपाय कोणता? ॲस्पिरिनची लहान गोळी आणि हेपॅरिनचे रोजचे इंजेक्शन. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील डॉ. राज राय, डॉ. लेस्ली रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा नव्वद स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, ॲस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना. पुढील चाचण्यांतून इतका मोठा फरक प्रत्येक वेळी दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी जगभरच्या तज्ज्ञमंडळींची शिफारस आजही याच उपायाची आहे. औषधाची सुई बारीक असते; बेंबीपासून दूर, पोटाच्या बाजूच्या कातडीची घडी चिमटीत धरून ती सरळ टोचावयाची, तयार भरून आलेल्या सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढावयाचा नाही, औषध संपेपर्यंत घडी सोडावयाची नाही आणि नंतर ती जागा चोळावयाची नाही, एवढे नर्सबाईंनी एकदा हाताला धरून शिकविले म्हणजे ती स्त्री किंवा तिचा नवरा ते घरच्या घरी करू शकतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत आदिलाबादचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या घरात हे औषध कोठे ठेवावे हेही तिला कोणी तरी समजावून दिले पाहिजे. हे काम आशा कार्यकर्तीचे आहे, आणि ते तिला मोबदल्यासह सोपवावे.

आता दुसरी बाजू. १९८५ मध्ये लंडनच्या डॉ. जेम्स मोब्रे यांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला की, पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून पत्नीला टोचल्या तर तिचा देह त्याच्या वंशद्रव्याशी परिचित होतो आणि पुढचा गर्भ टिकतो. कल्पना आकर्षक होती आणि जगभर पसरली. परंतु १९९९ मध्ये अमेरिकेतील डॉ. कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांनी मोठी, कसोशीची चाचणी केली, तेव्हा पेशी टोचलेल्या स्त्रियांपैकी ३६ टक्क्यांचा गर्भ टिकला आणि न टोचलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. उपाय निष्फळच नव्हे तर कदाचित अपायकारक, असा तिचा निष्कर्ष होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर हा उपाय करण्यास मनाई केली, आणि युरोपातील प्रजननवैद्यांच्या संस्थेनेही आपल्या २०१७ च्या मार्गदर्शनात त्याची शिफारस नाकारली. तरीही आपल्या देशात आजही हा उपाय खुलेआम केला जातो. बाहूच्या रक्तातील मारक पेशी मोजून गर्भाशयातील स्थितीचे अनुमान काढण्याच्या चाचणीची गतही तीच. रक्तातील त्या पेशी आणि गर्भाशयातील त्या पेशी या भिन्न स्वभावाच्या असल्याने पहिल्यांच्या मोजणीवरून दुसऱ्यांविषयी काही सांगता येत नाही. मूळची रुग्णांच्या शिरेतून पोषण देण्यासाठी बनविलेली सोयाबीनच्या तेलाची सलाईन, तसेच स्टेरॉईडच्या गोळ्या, याही प्रतिकारशक्ती दाबण्याच्या नावाखाली दिल्या जातात. स्टेरॉईडविषयी १९९७ च्या टोरांटो येथील चाचणीने असा निर्वाळा दिला होता की, त्यांनी गर्भ टिकण्याचे प्रमाण वाढले नाही, मात्र अकाली प्रसूती वाढल्या. क्षयाचे जंतू ज्यांच्या देहात सुप्त आहेत अशा माणसांची संख्या ज्या देशात प्रचंड आहे, त्या देशात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पुराव्याशिवाय वाटणे हा दुहेरी अन्याय आहे.

कोणी म्हणेल, व्याकुळ जोडप्याने स्वखुशीने पैसे मोजले तर सरकारने मध्ये का पडावे? याचे उत्तर आपल्याच सरकारने दिलेले आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या तपासण्या देशभर विकल्या जात होत्या, आणि त्या भरवशाच्या नाहीत असे सिद्ध झाल्यावर २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. त्या हुकमाचा वंध्यत्वाशी जवळचा संबंध आहे. कारण गर्भनलिकांचा क्षय हे आपल्याकडील वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे. जंतूशी दीर्घकाळ झुंजताना देहाचा दाहच त्या नलिकांना व्रण पाडून त्या बुजवून टाकतो, आणि खोट्या तपासणीमुळे कित्येक स्त्रियांना नसलेल्या क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागण्याचा धोका होता. जी दक्षता तेथे दाखविली, ती गर्भपाताच्या बाजारातही दाखविता येईल. २०२१ चा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा झाला, त्यान्वये राष्ट्रीय आणि राज्य मंडळे स्थापन झाली, केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली; आता त्या मंडळांनी या असिद्ध उपायांची यादी जाहीर करून ती प्रत्येक नोंदणीकृत केंद्राच्या भिंतीवर स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक करावे.

या विषयाचे ज्ञान आपल्याला परके नाही. मुंबईच्या परळ भागात के.ई.एम. रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जगापुढे मांडला. १९५७ मध्ये तेथे रक्तगट संदर्भकेंद्र निघाले आणि त्यातून पुढे राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारविज्ञान संस्था उभी राहिली. तिच्या शेजारीच प्रजननविषयक राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. आणि याच परिसरात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी देशातील पहिले रीतसर नोंदलेले परीक्षानलिका-शिशू जन्मले. रक्त, प्रतिकार आणि प्रजनन ही तिन्ही शास्त्रे जेथे एका हाकेच्या अंतरावर नांदतात, त्या परळचे ज्ञान पेनगंगेपर्यंत यावे, यात अशक्य असे काही नाही. रुधिर-प्रतिकारविज्ञान संस्थेचे केंद्र तर शेजारच्या चंद्रपुरातही आहे; तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन सरकारांनी ठरविले तर नमुने आणि तज्ज्ञांचा सल्ला यांसाठी आदिलाबादला राज्याची सीमा आड येण्याचे कारण नाही.

प्रतिकारव्यवस्थेचा आणखी एक संघर्ष वैद्यकशास्त्राने बव्हंशी जिंकलेला आहे, आणि त्याचा धडा येथे उपयोगी पडतो. आर.एच. निगेटिव्ह मातेच्या उदरात पॉझिटिव्ह गर्भ असेल तर प्रसूतीच्या किंवा गर्भपाताच्या वेळी त्याचे रक्त तिच्या रक्तात मिसळून प्रतिपिंडे तयार होतात, आणि पुढच्या गर्भाला पंडुरोग, जलोदर, प्रसंगी मृत्यू ओढवतो. १९६८ पासून यावर अँटी-डी हे इंजेक्शन उपलब्ध आहे. ते बहात्तर तासांच्या आत दिले म्हणजे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत अनर्थ टळतो. भारतात अशा स्त्रिया शंभरांत सुमारे पाच आहेत. दोन महिन्यांचा गर्भ घरीच पडला म्हणून जी बाई दवाखान्यात जात नाही, तिचा रक्तगट कोणी विचारीत नाही आणि ते बहात्तर तास निघून जातात. तेव्हा गर्भ पडला की दवाखान्यात नोंद झालीच पाहिजे, हा नियम गावोगाव रुजविणे हे पहिले काम होय.

माझ्या मागण्या अशा. रिम्समध्ये आठवड्यातून एक दिवस पुनःपुन्हा गर्भपात होणाऱ्या जोडप्यांसाठी राखून ठेवावा, आणि तेथे पतीला बोलावणे सक्तीचे असावे. तेथे प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात: साखर, थायरॉईड, गर्भाशयाची रचना, आदिवासी वस्त्यांत सिकलसेल, मलेरियाचा इतिहास, आणि पती-पत्नी दोघांची गुणसूत्रे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो, ज्यात माता निर्दोष असते. मग तीन प्रतिपिंडांची चाचणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा, राज्याच्या मोफत तपासणी योजनेतून व्हावी, आणि हेपॅरिन सरकारी औषधभांडारातून मिळावे. संमतिपत्रे तेलुगूबरोबर मराठीत असावीत आणि गोंडीत तोंडी समजावून द्यावीत. १९४० च्या दशकात मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तजवीज निजाम सरकार करू शकले. तेव्हा लोकांच्या भाषेत लोकांशी बोलणे या जिल्ह्याच्या कारभाराला अवघड वाटण्याचे कारण नाही.

आणि घरच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. सर्व तपासण्या निर्दोष आल्या आणि कारण सापडले नाही, तरी ती निराशेची बातमी नव्हे. तीन गर्भ गेल्यानंतरही अशा स्त्रियांपैकी निम्म्याहून खूप अधिक जणींना पुढच्या खेपेस केवळ नियमित तपासणी, लवकर सोनोग्राफी आणि मायेची देखरेख यांवर बाळ होते. ज्या उपायांनी यश मिळाले असे शहरातला विक्रेता सांगतो, त्यांतील पुष्कळसे यश निसर्गाचेच असते. म्हणूनच तुलनेशिवाय कोणत्याही दाव्यावर विश्वास ठेवू नये, आणि पैसे मोजण्यापूर्वी, हा उपाय न घेणाऱ्या स्त्रियांचे काय झाले, हा एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. सरकारला विचारावयाचा प्रश्न याहून सोपा आहे: ज्या विकाराचे निदान होते आणि ज्याचा उपाय सापडून पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तो उपाय बेल्याच्या आणि जैनदच्या लेकीसुनांना त्यांच्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात कोणत्या तारखेपासून मिळणार? या प्रश्नाला तारखेचेच उत्तर हवे, आणि ते मिळेपर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक लोकप्रतिनिधीकडे तो लेखी मागत राहणे, हे येथल्या मराठी, तेलुगू आणि गोंडी घरांचे समान कर्तव्य आहे.